आतल्या दारांची चौकट निवडताना: भिंत, पाणी आणि दाराचे वजन

घर बांधताना किंवा जुन्या घराची दुरुस्ती करताना आतल्या दारांचा विचार बहुतेक ठिकाणी उलट्या क्रमाने होतो. आधी दाराची नक्षी ठरते, मग लॅमिनेटचा रंग, मग कुलूप आणि मूठ. चौकटीचा विषय मात्र ‘मिस्त्री सांगतील ती’ एवढ्यावर संपतो. दार आवडेनासे झाले, तर बिजागऱ्यांचे स्क्रू काढून ते अर्ध्या दिवसात बदलता येते. चौकट बदलायची वेळ आली, तर दोन्ही बाजूंचा गिलावा फुटतो, कडेची फरशी निखळते, न्हाणीघर असेल तर टाइल्सही जातात आणि दोन खोल्यांचे रंगकाम नव्याने करावे लागते. त्यामुळे दारांच्या खर्चातला पहिला रुपया आणि पहिला तास चौकटीसाठी राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या नाशकात आणि पंचवटीत जे वाडे अजून उभे आहेत, त्यांतली एखादी चौकट थांबून जवळून पाहावी. वरच्या आडव्या लाकडावर कोरलेली गणेशपट्टी आपले लक्ष लगेच वेधून घेते, पण शिकण्यासारखी गोष्ट खाली पायाशी असते. सागवानाचे उभे खांब मातीत किंवा चुन्यात गाडलेले नसतात. ते काळ्या पाषाणाच्या घडीव दगडावर टेकलेले असतात. अंगण धुतले किंवा पावसाचे पाणी आत आले, तरी ते दगडावरून निघून जाते आणि लाकडाचे टोक ओल शोषत नाही. आज आपण पाच-साडेपाच इंचांच्या भिंतींत आणि व्हिट्रिफाइड टाइल्सच्या फरशीवर चौकटी बसवतो. सामान बदलले, तरी लाकूड टोकाकडूनच पाणी पिते हा नियम बदललेला नाही.

भिंतीची जाडी आधी मोजा

चौकटीची रुंदी भिंतीवरून ठरते. चार इंची विटेच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच गिलावा धरला, तर तयार भिंत ५ इंचांची होते. १०० मिलिमीटरच्या एएसी ब्लॉकची (हवेच्या बारीक छिद्रांमुळे हलक्या झालेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांची) भिंतही गिलाव्यासह जवळपास तेवढीच भरते. अशा भिंतीसाठी ५ × २.५ इंचांची चौकट योग्य ठरते. मात्र वखारीत मिळणारे माप करवतीने कापलेल्या कच्च्या लाकडाचे असते. रंधा मारल्यावर ५ इंचांचे पावणेपाच आणि अडीचचे सव्वादोन होते. हा पाव इंच कोणीच मोजत नाही आणि मग गिलाव्याची कड चौकटीच्या बाहेर डोकावते. म्हणून मागणी नोंदवताना ‘रंधा मारून तयार माप इतके’ असे लिहून द्यावे. खर्च वाचवण्यासाठी पाच इंची भिंतीला ४ × २.५ इंचांची चौकट लावण्याची पद्धत सर्रास दिसते. ती टिकण्याच्या दृष्टीने वाईट नाही, परंतु उरलेला इंच गवंड्याला गिलाव्याने भरून काढावा लागतो आणि ती कड पुढे सामानाच्या धक्क्याने सहज तुटते.

भिंत सहा किंवा नऊ इंचांची असेल, तर तेवढ्याच रुंदीची चौकट घेण्याची गरज नसते. पाच इंची चौकट घेऊन ती ज्या खोलीत दार उघडते त्या बाजूच्या गिलाव्याशी सपाट बसवावी, म्हणजे दार पूर्ण मागे जाऊन भिंतीला टेकते. चौकट भिंतीच्या मधोमध बसवली, तर दार काटकोनापलीकडे जात नाही आणि मूठ रोज गिलाव्याच्या कोपऱ्यावर आपटते.

न्हाणीघराच्या भिंतीचा हिशेब वेगळा आहे. आतल्या बाजूला खडबडीत गिलावा, टाइल चिकटवण्याचा थर आणि टाइल अशी जाडी वाढत जाते आणि चार इंची भिंत पाहता पाहता साडेपाच इंचांच्या पुढे जाते. टाइल्स लागल्यावर चौकट आत बुडालेली दिसते, ती यामुळेच. टाइल्स बसवणाऱ्या कारागिराला एकूण थर किती होणार हे आधी विचारावे आणि मगच चौकटीचे माप सांगावे.

आता उघड्या जागेच्या मापाकडे वळू. बांधकामात तीन फूट रुंदीची जागा सोडली म्हणजे तीन फुटांचे दार मिळेल, हा समज चुकीचा आहे. दोन्ही बाजूंचे अडीच-अडीच इंच चौकट घेते, त्यामुळे जाण्या-येण्यासाठी जेमतेम ३१ इंच उरतात, आणि दार काटकोनातच थांबत असेल तर त्यातूनही पाऊण इंच कमी होतो. न्हाणीघराला अडीच फुटांची जागा सोडली असेल, तर उरतात फक्त २५ इंच. घरात आजी-आजोबा असतील आणि उद्या वॉकर घेऊन आत जायची वेळ आली, तर ही रुंदी अपुरी पडते. चाकाच्या खुर्चीसाठी ९०० मिलिमीटर मोकळी जागा लागते. ती हवी असेल, तर बांधकामातच सुमारे साडेतीन फूट सोडावे लागतात. माझ्या मते प्रत्येक घरात निदान एक शयनगृह आणि त्याला लागून असलेले न्हाणीघर या मापाने बांधावे. विटा रचताना यासाठी जवळजवळ काहीच जास्त खर्च येत नाही, नंतर मात्र लिंटेलपर्यंत, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईपर्यंत, तोडफोड होते.

जोड भिंतीच्या कोपऱ्यापासून चौकट किमान चार इंच दूर असावी, म्हणजे कडेची पट्टी बसते आणि मूठ भिंतीत अडकत नाही. दाराच्या मागे कपाट येणार असेल, तर हे अंतर दोन फुटांहून थोडे अधिक सोडावे.

कोणत्या खोलीला कोणते साहित्य

संपूर्ण घराला एकाच साहित्याच्या चौकटी घ्याव्यात असा आग्रह धरू नये. शयनगृहाची चौकट आणि न्हाणीघराची चौकट यांचे आयुष्य निराळे असते; पहिलीला फक्त दाराचे वजन आणि हवेतला बदल सोसायचा असतो, दुसरीला रोजचे पाणी, साबण आणि फिनाइल.

कोरड्या खोल्यांसाठी लाकूड हाच माझा पहिला पर्याय राहील. चांगल्या फ्लश डोअरचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट असलेल्या आयत्या दाराचे, वजन ३० ते ४० किलोंपर्यंत असते आणि तेवढे वजन तीन बिजागऱ्यांवर वर्षानुवर्षे लटकत राहते. अशा वेळी स्क्रू घट्ट धरून ठेवण्यात गाभ्याच्या लाकडाची बरोबरी इतर साहित्य क्वचितच करते. शिवाय बिजागरीची जागा झिजली, तर लाकडाची खुंटी ठोकून तिथेच पुन्हा स्क्रू पिळता येतो.

लाकडांत सागवान सर्वांत कमी आकसते आणि त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे वाळवी त्याच्यापासून दूर राहते. परंतु हे दोन्ही गुण गाभ्याच्या लाकडाचे आहेत. बाहेरचा फिकट पांढरा भाग सागाचाच असला, तरी वाळवी आणि भुंगा त्याला सोडत नाहीत, आणि पॉलिश किंवा रंग चढल्यावर तो ओळखू येत नाही. वखारीत ‘सीपी साग’ (सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत) म्हणून जो माल दाखवतात, तो मूळचा चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आणि मध्य प्रदेशाच्या जंगलांतला. त्याखेरीज आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून आलेला लागवडीचा सागही मोठ्या प्रमाणावर विकला जातो. लागवडीचे झाड लवकर तोडलेले असल्यास त्यात पांढऱ्या भागाचे प्रमाण अधिक असते. देश कोणता हे विचारण्यापेक्षा प्रत्येक नग चारही बाजूंनी फिरवून पांढरा भाग किती आहे हे पाहणे अधिक उपयोगी आहे.

साल हे लाकूड सागापेक्षा जड आणि मजबूत असते, पण नीट वाळलेले नसेल तर पिळते आणि चिरते. ते रंग देण्याच्या चौकटींसाठी घ्यावे, पॉलिशसाठी नव्हे. मेरांटी किंवा तत्सम आयात केलेली हार्डवुड लाकडे सरळ आणि रंधायला सोपी असतात. कोरड्या खोलीत, मागच्या बाजूला वाळवीरोधक लावून ती चांगली चालतात. निफाड-सिन्नरकडच्या जुन्या शेतघरांत बाभळीच्या आणि कडुलिंबाच्या चौकटी आढळतात. बाभूळ टिकाऊ आहे यात शंका नाही, परंतु तिचा लांब सरळ नग मिळणे कठीण आणि ती वर्ष-दोन वर्षे वाळवण्याचा धीर आज कोणाजवळ नसतो.

वाळवण्याचा मुद्दा नाशिकच्या हवेत फार महत्त्वाचा आहे. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळपास सगळा चार महिन्यांत. उरलेल्या काळात, विशेषतः मार्च ते मे, हवा अगदी कोरडी होते. त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीकडे तर पाऊस कितीतरी पटींनी अधिक. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत आणि जाडीत फुगते-आकसते. आमच्या इंदिरानगरच्या घराच्या चौकटी आम्ही ऐन श्रावणात विकत घेतल्या आणि आठवड्याभरात बसवल्या. फाल्गुन उजाडेपर्यंत एका खोलीच्या चौकटीचा उभा खांब इतका पिळला, की कडी भोकात जाईना; गिलाव्याच्या कडेला तर बोटाचे नख जाईल एवढी फट पडली. वखारवाल्याने माल वाळलेला असल्याचे सांगितले होते आणि आम्ही तपासले नव्हते. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र अनेक सुतारांजवळ आता असते. ते टोचून १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास आकडा आला तरच लाकूड घ्यावे. पावसाळ्यात काम चालू असेल, तर चौकटी आधी उन्हाळ्यातच आणून घरात, सावलीत, खाली ठोकळे घालून आणि मध्ये पट्ट्या ठेवून रचाव्यात.

न्हाणीघर आणि शौचालय यांसाठी लाकूड घेऊच नये, असा सल्ला मी देतो. सागवानाची चौकटही रोज भिजणाऱ्या पायथ्याशी दहा-बारा वर्षांत मऊ पडू लागते. इथे ग्रॅनाइटची चौकट आपल्याकडे रूढ झाली आहे आणि ती योग्यच आहे. अठरा-वीस मिलिमीटरच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवून दाराची खाच तयार करतात. अशी चौकट पाण्याला, वाळवीला आणि ॲसिडच्या थेंबांनाही बहुतांशी दाद देत नाही. तिची खरी कमजोरी बिजागरीच्या जागी असते. दगडाला पाडलेल्या भोकात प्लॅस्टिकची गुट्टी ठोकून स्क्रू पिळला, तर जड दाराने ती वर्षभरात सैल होते. त्यामुळे ग्रॅनाइटच्या चौकटीला पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचे हलके दारच लावावे, भोके पट्टीच्या कडेपासून पुरेशी आत पाडावीत आणि गुट्टीसोबत इपॉक्सी भरावे. संगमरवराची चौकट मात्र ॲसिडने खरबरीत होते आणि पिवळी पडते.

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाची भुकटी आणि पीव्हीसी यांचे मिश्रण. पाणी आणि वाळवी यांचे भय नाही, खाच आधीच तयार मिळते आणि पिळण्याचा प्रश्न फारसा उरत नाही. न्हाणीघर, स्वयंपाकघरालगतची धुण्याची बाल्कनी आणि तळमजल्यावरच्या ओलसर खोल्या यांसाठी हे साहित्य चांगले आहे. गोदेच्या पुराचे पाणी ज्या भागांत येते आणि जिथले लोक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले ते पाहून सामान वर चढवतात, तिथल्या तळमजल्याच्या घरांना तर लाकडापेक्षा ग्रॅनाइट किंवा डब्ल्यूपीसीच घेण्याचा आग्रह मी धरेन. फक्त या साहित्यात प्रतीचा फरक मोठा आहे. कापलेले टोक पाहावे: मध्यभागी स्पंजासारखी मोठी छिद्रे दिसली, तर माल हलका आहे. ५ × २.५ इंचांच्या भरीव नगाचा एक फूट तुकडा सुमारे दीड किलो भरला पाहिजे. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडावे, जाड आट्यांचे स्क्रू वापरावेत आणि एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा पिळू नये. उन्हात हे साहित्य लाकडापेक्षा अधिक प्रसरण पावते, म्हणून गच्चीकडच्या, थेट ऊन लागणाऱ्या दाराला गडद रंगाची डब्ल्यूपीसी चौकट टाळावी.

पत्र्याच्या चौकटी घरांत कमी दिसतात, परंतु दवाखाने, वसतिगृहे आणि भाड्याच्या खोल्या यांच्यासाठी त्या फार उपयोगी आहेत. जस्त चढवलेला, सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्यावा आणि बसवताना आतली पोकळी काँक्रीटने भरावी. पोकळ ठेवली तर दार आपटल्यावर आवाज घुमतो आणि पत्रा दबतो.

एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची, आयती चौकट दिसायला सफाईदार असते. ती फक्त वरच्या मजल्यावरच्या, पूर्ण कोरड्या खोलीत लावावी. फरशी पुसण्याच्या पाण्यानेही तिचा पाया फुगतो.

वखारीत आणि कामाच्या जागी

घनफुटाच्या भावाने लाकूड घेताना हिशेब स्वतः करावा. सात फुटी दाराच्या चौकटीला दोन उभे खांब आणि वरचा आडवा मिळून सुमारे १८ फूट लांबीचे लाकूड लागते. ५ × २.५ इंचांच्या मापात ते साधारण दीड घनफूट भरते. उंबरठा घ्यायचा असेल, तर त्याचे वेगळे धरावे. नववधू माप ओलांडते तो उंबरठा मुख्य दाराचा. आतल्या खोल्यांना तो नसला तरी चालते, आणि वृद्धांच्या पायात येऊ नये म्हणून तो नसलेलाच बरा. मात्र उंबरठा नसला की दोन खांबांना खालून धरणारे काहीच राहत नाही. चौकट भिंतीत पक्की होईपर्यंत तळाशी आणि मध्यावर तात्पुरत्या आडव्या पट्ट्या ठोकल्याच पाहिजेत. नाहीतर गवंड्याने काँक्रीट भरताना खांब आत दबतात आणि मधले माप वरच्या मापापेक्षा कमी भरते.

नग निवडताना एक टोक डोळ्याशी धरून लांबीवर नजर टाकावी. वाक किंवा पीळ लगेच दिसतो. घट्ट बसलेली लहान गाठ चालते. बिजागरीच्या किंवा कुलपाच्या जागी येणारी गाठ चालत नाही. वरच्या कोपऱ्याचा सांधा खोबणीचा असावा; नुसते खिळे मारून जोडलेली चौकट परत पाठवावी. दाराची खाच, जिला सुतार पताम म्हणतात, ती सुमारे अर्धा इंच खोल आणि दाराच्या जाडीएवढी रुंद हवी. म्हणजे दार ३० मिलिमीटरचे की ३५ मिलिमीटरचे, हे चौकट बनवण्याआधीच ठरलेले असावे. गच्चीच्या किंवा बाल्कनीच्या दाराला डासांसाठी जाळीचे दुसरे दार लावायचे असेल, तर दोन्ही बाजूंना खाच पाडून घ्यावी. नंतर ती पाडता येत नाही.

भिंतीला लागणारी चौकटीची बाजू पुढे कधीच दिसत नाही, आणि बिघाड तिथूनच सुरू होतो. त्या बाजूला वाळवीरोधक औषध आणि त्यावर डांबराचा हात द्यावा. समोरच्या बाजूंना प्रायमर किंवा सीलरचा एक हात लगेच द्यावा. पॉलिश करायचे सागवान असेल, तर त्यावर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळावा, कारण ओल्या सिमेंटचे डाग सागावर काळे पडतात आणि घासूनही पूर्ण जात नाहीत. खांबांची खालची टोके दोन वेळा बुडवून रंगवावीत आणि ती गिलाव्यात किंवा फरशीखालच्या वाळू-सिमेंटात न गाडता ग्रॅनाइटच्या किंवा कडाप्प्याच्या तुकड्यावर टेकवावीत. वाड्यांच्या पाषाणाचे काम हा दोन इंची तुकडा करतो.

प्रत्येक बाजूला तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) असावेत आणि ते काँक्रीटमध्ये पक्के करावेत. एएसी ब्लॉकच्या भिंतीत साधी गुट्टी धरत नाही; तिथे बिजागऱ्यांच्या उंचीवर ब्लॉक कापून काँक्रीटचे ठोकळे भरून घ्यावेत. फक्त फोम भरून चौकट बसवण्याची पद्धत झटपट असली, तरी जड दारासाठी मी ती मान्य करणार नाही. फोम फट भरण्यासाठी आहे, वजन पेलण्यासाठी नाही.

चौकट उभी केल्यावर ओळंबा दोन दिशांनी लावावा, एकदा खांबाच्या समोरून आणि एकदा बाजूने. नंतर दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. दोहोंत तीन मिलिमीटरपेक्षा अधिक फरक असेल, तर काँक्रीट भरण्याआधीच चौकट सरळ करून घ्यावी. उंची ठरवताना तयार फरशीची पातळी भिंतीवर निळीच्या दोरीने मारून घ्यावी, म्हणजे कोणत्याही खोलीत दार फरशीला घासणार नाही आणि सगळ्या चौकटींचे माथे एका रेषेत येतील.

काँक्रीटला किमान आठवडाभर पाणी मारावे, गिलावा आणि फरशी पूर्ण होऊ द्यावी आणि त्यानंतरच दारांची मापे घ्यावीत. प्रत्येक चौकटीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी आणि उंची दोन्ही बाजूंना मोजून ती त्या-त्या चौकटीवर पेन्सिलने लिहावी. कारखान्यातून आलेल्या फ्लश डोअरच्या कडेला असलेली लाकडी पट्टी अरुंद असते. माप चुकून दार जास्त तासावे लागले, तर ती पट्टीच निघून जाते आणि बिजागरीच्या स्क्रूला धरायला काही उरत नाही. सगळ्या खोल्यांची मापे एकसारखी असतील असे गृहीत धरून एकाच मापाची सहा दारे मागवू नयेत. कागदावर खोलीचे नाव, तीन रुंद्या, दोन उंच्या आणि दार उजव्या हाताला उघडते की डाव्या, एवढे लिहून तोच कागद दारवाल्याला द्यावा आणि त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.